मधेच आलेली पाटी

१२ जानेवारी, रविवार

ती. अक्का,

नमस्कार. 'तीर्थरूप' असं पूर्ण लिहिणार होते, पण लहानपणी तू माझ्या वेण्या पलंगाच्या दांडीला बांधून ठेवल्या होत्यास ते आठवलं आणि हात थांबला. तेव्हा 'ती.'वरच समाधान मान.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी बेताची. घरमालकीणबाईंनी जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग लावलाय आणि कोणी हात लावतंय का हे बघायला त्या दिवसभर दाराशी उभ्या असतात. मी लावला. माझं काम जोरात चालू आहे. तुझी तब्येत कशी आहे? दुकानात गर्दी असते का?

एवढं लिहून झालं आणि दोनदा वाचून बघितलं. पत्र लिहायची मला सवयच नाही गं. लोक बहिणींना पत्रं लिहितात, मी तुला पडद्यावरून सांगत आले. तू आपल्या गावच्या चित्रपटगृहात बसायचीस, मी इकडे कॅमेऱ्यासमोर उभी राहायची आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "अक्का, दात दुखतोय, उद्या काढून घेणार आहे." प्रेक्षकांना वाटायचं, बाई देवाची करुणा भाकतेय. सगळं गाव रुमाल काढायचं आणि तू मनात म्हणायचीस, लवंग लाव दाताला.

मूकपटात हे एक बरं होतं. कोण काय बोलतंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. ओठ हलले की झालं, खरं वाक्य मागाहून पाटीवर लिहून यायचं. आमचा नायक तर प्रेमाच्या प्रसंगात कॅमेरावाल्यांना जेवायला काय आहे ते विचारायचा. ओठ वाचणारं कोणी बसलेलं असेल असं त्या बापड्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि ते ढेकणांचं! नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून मी मरत होते. स्टुडिओतल्या त्या पलंगात इतके ढेकूण होते की मला नीट मरताही येईना. मी शेवटचा श्वास घेत म्हटलं, "अक्का, ढेकूण गं, ढेकूण!" पुढे तुझं कार्ड आलं. 'पाहिलं. ढेकूण समजले. हसले म्हणून दरवानाने बाहेर काढलं.' ते कार्ड मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. तुझी सगळी कार्डं अशीच, तार केल्यासारखी. पाहिलं, समजलं, केस बरे नव्हते.

परवा एका मासिकाच्या बाईंनी विचारलं, "अभिनय कुणाकडे शिकलात?" त्यांना मी काहीतरी थोर उत्तर दिलं. खरं उत्तर तुला ठाऊक आहे. त्या तापात तुझे कान गेले आणि सगळं घर तुझ्या तोंडावर ओरडायला लागलं. बाबा ओरडायचे, काका ओरडायचे, शेजारीपाजारी येऊन ओरडून जायचे. एकदा तू मला विचारलंस, "हे सगळे माझ्यावर चिडलेत का गं?" मी पाच वर्षांची. तेवढ्या अकलेने मला एवढंच कळलं की तुझ्यापुढे ओरडून उपयोग नाही आणि पुटपुटूनही नाही. आवाज टाकून दिला आणि नुसतं तोंड नीट हलवलं की तुला कळतं. मग आपण दोघी तशाच बोलायला लागलो. जेवताना, बाबांच्या पाठीमागे, भर पाहुण्यांत.

आमच्या दिग्दर्शक साहेबांनी मला चित्रांसाठी निवडलं तेही त्यामुळेच. तू रस्त्यापलीकडे शिंप्याच्या दुकानात मशीनवर, मी अलीकडे फोटोवाल्याकडे फोटोंना रंग भरायला. एक नवीन जोडपं फोटो काढायला आलं आणि बाकावर कोणी कुठे बसायचं यावरून भांडलं. ते अख्खं भांडण मी काचेतून तुला सांगत होते. साहेब आपला फोटो न्यायला आले होते, ते बघतच राहिले. सगळं भांडण कळलं म्हणाले. ते मला मुकी समजले आणि मनातून खूश झाले, ही मुलगी उलट उत्तर देणार नाही म्हणून. पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा काय झाला होता! पुढे त्यांनीच जाहिरातीत मला 'मौनाची राणी' करून टाकलं. घरी बडबडी आणि बाहेर मौनाची राणी.

मी विषय टाळतेय हे तू ओळखलं असशीलच. तर सांगते.

काम जोरात चालू नाही. काम चालूच नाही. उन्हाळा संपल्यापासून मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नाही. आता बोलपट निघालेत. पडद्यावरची माणसं खरंच बोलतात, पावलं वाजतात, दार आपटलं की धाड होतं, आणि लोक दार आपटलेलं ऐकायला रांग लावतात. मूकपट कोणी फुकटही बघणार नाही असं साहेब म्हणतात. कॅमेरा घरघर करतो म्हणून त्याला कपाटाएवढ्या खोक्यात कोंडलाय, आत कॅमेरावाले घामाने निथळत असतात. माइक फुलदाणीत लपवतात. सगळेजण त्या फुलदाणीकडे तोंड करून प्रेम करतात, फुलदाणीकडे तोंड करून मरतात.

गेल्या आठवड्यात माझी आवाजाची परीक्षा झाली. वाक्य साधं होतं. "दिवा विझवू नका. मला अंधाराची भीती वाटते." साहेबांनी खूण केली आणि मी बोलले. फार छान बोलले गं! साहेबांचे डोळे भरून आले, वरचा दिवेवाला शिडीवर हलायचा थांबला. "कट" झालं. मग काचेच्या खोलीतून आवाजवाले धावत बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, केव्हा सुरू करणार?"

"झालं की!" साहेब म्हणाले.

"काय झालं? मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

त्यांनी तारा तपासल्या. फुलदाणी उपडी केली, आत वाकून बघितलं, तिच्यावर टिचकी मारली. पुन्हा घेतलं. पुन्हा मी बोलले आणि पुन्हा त्यांना काही आलं नाही. तेव्हा तो शिडीवरचा दिवेवाला हळूच म्हणाला, "साहेब, बाईंचा आवाज मलाही नाही आला. नुसतं कळलं."

मी बोललेच नव्हते, अक्का. ओठ हलले, चेहरा हलला, सगळं झालं, फक्त आवाज सोडायचा राहिला. आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! तिसऱ्यांदा जोर करून आवाज काढला तर तो बेडकासारखा आला आणि चेहऱ्याचा दगड झाला. चौथ्यांदाही तेच. आवाज आला की चेहरा जातो, चेहरा आला की आवाज जातो. घरी आरशासमोर बघितलं, घरमालकीणबाईंशी भांडून बघितलं, तिथे सगळं व्यवस्थित. कॅमेरा समोर आला की बोंब.

स्टुडिओत आता सगळे मिळून हसतात. मौनाची राणी खरंच मुकी निघाली म्हणतात. साहेब बिचारे भले आहेत, त्यांनी पुढच्या महिन्यात आणखी एक संधी देतो म्हटलंय. ती गेली की संपलं. फोटोंना रंग भरायलाही आता कोणी घेणार नाही, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

मला भीती वाटते, ती अंधाराबिंधाराची नाही. परत यायचीही लाज नाही. पण मला दुसरं काही येत नाही आणि हे मला फार आवडतं, त्याला मी काय करू?

जिवाला जपून राहा.

तुझी,
बडबडी

*

२० जानेवारी

बडबडे,

पत्र मिळालं. शुद्धलेखन भयंकर आहे. बाबांनी बघितलं असतं तर घरात घेतलं नसतं.

माझी तब्येत चांगली. दुकान चांगलं. शिकायला मुली येतात, त्यातली एक हुशार आहे, बाकीच्या बाह्या उलट्या लावतात.

तुझं दुखणं मला पहिल्या वाचनातच कळलं. तुम्हा शहाण्यांना कसं कळत नाही? कॅमेऱ्याचं ते काचेचं भोक समोर आलं की तुला मी दिसते. मी दिसले की तू आवाज टाकून देतेस. पाच वर्षांची असल्यापासून तेच केलंस, आता यंत्रासमोर वेगळं कसं करशील? घशाला काही झालेलं नाही, काढेबिढे पिऊ नकोस.

उपाय एकच. माझ्याशी बोलणं बंद कर. तिथे मी नाही असं समज. वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाही. इतकी वर्षं फुकटात बातम्या मिळाल्या, पुष्कळ झालं.

मग बोलायचं कुणाशी, तर आईशी. आई खालून हाक मारायची आणि तू माडीवरून ओरडून उत्तर द्यायचीस. माझ्याशी बोलता बोलता मान वळवून ओरडायचीस, आणि परत वळून माझ्याशी बोलायचीस. मला कुणाचाच आवाज आता आठवत नाही, आईचासुद्धा नाही. पण तू ओरडलीस की माझ्या पायाखालची फळी हलायची, ते आठवतं. तेवढा आवाज तुझ्यात आहे. तो आईसाठी ठेवलेला असायचा. तोच काढ.

बोलपट लागला की मी बघीन. नाही कळलं तर शेजारणीला विचारीन. पडद्यावर तुझं नाव वेगळं आणि चेहऱ्याला एवढा रंग, म्हणून इथे तुला कुणी ओळखत नाही, आणि तू माझी बहीण आहेस हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर सगळे पास मागतील. त्यांना वाटतं शिंपीणबाईंना त्या नटीचं वेड आहे. दुकान बंद केलं की मी रोज एक चक्कर चित्रपटगृहाकडे मारते. जाहिरात तीच असली तरी मारते. चालणं होतं.

एक विचारायचं आहे. तुझ्या त्या नावाड्याच्या चित्रात तू नदीकाठी उभी राहून मला म्हणालीस, "अक्का, मला इथे फार ए" आणि मधेच पाटी आली. 'नाथ, परत कधी याल?' पाटी गेली तेव्हा तू पाठमोरी होतीस. मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं, दर वेळी पाटी तिथेच. फार ए काय? ओठांवर ए आणि ऐ सारखेच दिसतात. ऐसपैस घर मिळालं म्हणायचं होतं का? का ऐट चालते म्हणायचं होतं? तीन वर्षं डोक्यात आहे. कळव.

गरम पाणी पी.

अक्का

*

२३ फेब्रुवारी, रविवार दुपार

माझी लबाड अक्का,

नमस्कार, लोटांगण, जे काय असेल ते सगळं.

आवाज आला!

नीट सांगते. तुझं पत्र पाठ झालं होतं, तरी परीक्षेच्या दिवशी ते ब्लाउजमध्ये घेऊन गेले. फुलदाणी तीच, वाक्य तेच, आवाजवाले काचेमागे कानांना ते डबे लावून बसलेले. बघायला स्टुडिओतली निम्मी माणसं जमली होती, कुणाला नेमकं तेव्हाच तिथून जायचं होतं, कुणाचं काही विसरलं होतं. मी काचेच्या भोकाकडे बघितलं आणि खरंच तू दिसलीस गं. मांडीवर कापड, दातात सुई. घसा आपोआप बंद झाला. मग मी मनात म्हटलं, अक्का, थांब हं जरा, आई हाक मारतेय. आणि मान वळवून जी ओरडले, "आले गं आई!"

आवाजवाल्यांनी डबे कानांवरून उपटले आणि खुर्चीसकट मागे गेले. दिवेवाला शिडी धरून राहिला. साहेब म्हणाले, "हे वाक्य कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, आता घ्या, थांबू नका. आणि त्याच दमात, आई जिन्याच्या खाली उभी आहे, हातात कंदील आहे आणि ती तो विझवायला निघालीय, असं धरून मी तिला सांगितलं की दिवा विझवू नकोस म्हणजे नका, मला अंधाराची भीती वाटते. चेहरा जागेवर राहिला, अक्का. दोन्ही एकदम आले. आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी तिच्याशी बोलले आणि सगळ्यांनी ऐकलं. "कट" झाल्यावर मी तिथेच खाली बसून रडले. लहान मुलीसारखी, चांगला आवाज काढून.

आवाजवाले बाहेर येऊन म्हणाले, "बाई, आवाज काही गोड नाही तुमचा. पण घरातल्या माणसाचा वाटतो." मला ते फार आवडलं.

आता ऐक. नायिकेचं काम मिळालं नाही. नायिका एक नवीन मुलगी आहे, गाणारी, गालावर खळी. मला घरमालकीण दिलीय. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. भाडेकरूंना बोलते, मांजराला बोलते, जिन्याला बोलते. पंधरा मूकपट काढले असते तरी माझी इतकी वाक्यं झाली नसती. मला वाटलं होतं मी हिरमुसेन, पण साहेब कागद वाचून दाखवायला लागले आणि मी हसतच सुटले. कठड्याला रंग लावून पहारा करायचं मी त्यांना सुचवलं, त्यांनी ते घातलं. आमच्या खऱ्या बाईंना हे कळलं तर मला जागा शोधावी लागेल.

एक अट मात्र मी घातली. बोलताना माझं तोंड कॅमेऱ्याकडे राहील, फुलदाणीकडे नाही. फुलदाणी माझ्याकडे आणा, नाहीतर माझ्या पदरात लपवा, मी वळणार नाही. सगळ्यांना वाटलं, बाईंना चेहऱ्याचा सोस सुटत नाही. वाटू दे. तू शेजारणीला विचारणार म्हणे! शेजारीण काय सांगणार तुला, कप्पाळ? माझं एकेक वाक्य तुला पडद्यावरून वाचता आलं पाहिजे. फरक एवढाच की ते आता सगळ्यांसाठी असेल. तुझ्या एकटीसाठी त्यात काही नसेल.

आणि नावाड्याच्या चित्राचं. ऐसपैस घर नाही आणि ऐटही नाही. "अक्का, मला इथे फार एकटं वाटतं." एवढंच होतं. त्या दिवसांत एक माणूस होता, लग्नाचं ठरत होतं, ते मोडलं. मोठं काही झालं नाही, तो आपला दुसऱ्या गावी निघून गेला. सगळ्या स्टुडिओला माहीत होतं आणि कुणी माझ्याशी ते बोलत नव्हतं, तेव्हा मी तुला सांगून टाकलं. मग कितीतरी दिवस मी वाट बघितली की अक्काचं कार्ड येईल. आलं ते असं, 'पाहिलं. नदी चांगली होती.' मी म्हटलं, बरं आहे, अक्काला यावर काही बोलायचं नसेल. मला काय ठाऊक की मधे पाटी आली! कुठे पाटी घालायची ते साहेब मागाहून ठरवायचे, मला कधी दाखवत नसत. तीन वर्षं मी समजत होते की तू वाचलंस आणि गप्प राहिलीस, आणि तू तिकडे ऐसपैस घर शोधत होतीस. हसू की रडू तेच कळेना. आधी हसले.

काल एक प्रसंग घेतला. घरमालकीण खिडकीत उभी आहे, भाडेकरू सामान घेऊन निघून चाललाय, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचत नाही. साहेब म्हणाले, "इथे आवाज घेत नाही आपण, मागून व्हायोलिन घालू. तुम्ही पूर्वीसारखं करा." म्हणजे मला रान मोकळं! माइक बंद, पाटी येण्याची भीती नाही, समोर काचेचं भोक. मनात आलेलं सगळं तुला सांगता आलं असतं. ओठ उघडलेसुद्धा. आणि मिटले.

का मिटले ते सांगते. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, चालणं होतं म्हणून तू रोज चित्रपटगृहाकडे चक्कर मारतेस. जाहिरात तीच असली तरी. अक्का, चालायला नदीचा रस्ता आहे, बाजार आहे. तू त्या भिंतीवरच्या कागदासमोर रोज कशाला उभी राहतेस? तू ते असं लिहिलंयस की बाह्या उलट्या लागल्याच्या बातमीत खपून जावं. पण ओठ वाचायला तू शिकलीस तेव्हा मी समोरच होते, थोडंफार मलाही येतं.

पडद्यावरून मी इतकी वर्षं बोलले, पण पडद्याला उत्तर देता येत नाही. तू अंधारात बसून नुसती वाचत राहिलीस. तुला दात दुखतो का, तुला रात्री झोप लागते का, तुझ्याशी दिवसभरात बाह्यांखेरीज कोणी काही बोलतं का, यातलं मला एक अक्षर ठाऊक नाही. म्हणून खिडकीत मी तोंड मिटलं. जे विचारायचं त्याला उत्तर हवं, आणि ते पडद्यावरून विचारता येत नाही.

तर इथे विचारते. माझ्याकडे येतेस का? पाहुणी म्हणून नाही, राहायला. खोल्या दोन आहेत, पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, तिथे मशीन बसेल. तुझ्या हुशार मुलीला दुकान सांभाळता येत असेल तर ये, नसेल तर तिला शिकवून ये. आणि यायचंच नसेल, तर का नाही ते लिही. पाच शब्दांचं कार्ड चालणार नाही. चांगली चार पानं लिही, चिडून लिही, मला शिव्या घाल, पण स्वतःबद्दल लिही.

मी आता काही बोलत नाही.

तुझी,
आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला बसलेली,
बडबडी